दोन्ही सारखे झालेत का?

३ सप्टेंबर, बुधवार. कराड

आज सकाळी सव्वासात वाजता न्हाणीघरातील खिळ्यावरून माझा दाढीचा आरसा बेपत्ता झाल्याचे निदर्शनास आले. आरसा दुतोंडी आहे. एका तोंडात मनुष्य आहे तेवढाच दिसतो, दुसऱ्यात तिप्पट. गेली बावीस वर्षे मी साध्या तोंडाशीच संबंध ठेवून आहे, कारण तिप्पट जोतीराम पाहण्याची हौस मला नाही. तपास अर्ध्या मिनिटात लागला. आरसा पुढच्या खोलीत, राजेश्वरीच्या टेबलावर, तिप्पट बाजू पुढे करून उभा होता. मी रीतसर तक्रार नोंदवली.

"आवं, परातीत पाणी घ्या आन् त्यात बघून करा दाढी," असा निकाल मिळाला. "आरसा आता कामाला लागलाय."

दाढी खिडकीच्या काचेत बघून केली. डाव्या गालावर एक बेट राहिलं. ते घेऊनच पंचायत समितीत गेलो. वार्ताहराच्या चेहऱ्याकडे कुणी पाहत नाही हे या धंद्यातलं सुख.

तर आरसा कोणत्या कामाला लागला? डोळ्यांच्या. घराच्या पुढच्या खोलीत राजेश्वरीचं पार्लर आहे, एकोणीस वर्षांचं. माणसं दोनच: ती, आणि दोऱ्यानं भुवया कोरणाऱ्या लीलाबाई. नवरी नटवून देणारी पार्लरं कराडात गल्लोगल्ली आहेत. राजेश्वरीचं नाव आहे ते रोजच्या डोळ्यांसाठी. कॉलेजात शिकवणारी किंवा बँकेत खिडकीमागं बसणारी बाई सकाळी दहा मिनिटांत करील, संध्याकाळपर्यंत टिकेल, आणि काही केलंय असं वाटणार नाही, असं काम. "ध्यानात आलं की हुकलं," एवढंच तिचं शास्त्र. संस्कृतात एम. ए. करून इतकं आटोपशीर वाक्य मला एकदाही सुचलेलं नाही. त्या एम. ए.ची उसाच्या पट्ट्यात कुणालाच गरज नव्हती, म्हणून मी पेपरच्या सांगली आवृत्तीला बातम्या पाठवू लागलो. ते वेगळं.

आता सांगलीतल्या एका मोठ्या साडी दुकानानं तिला बोलावलंय. बावीस विक्रेत्या मुली आहेत. दहा तास उभ्या राहतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून बोलतात. दिवाळीच्या आत त्यांना रोजचे डोळे करायला शिकवायचे. आधी वीस तारखेला एका मुलीवर करून दाखवायचं, मालकांना पटलं तर पुढचं सगळं. बातमी आली तेव्हा राजेश्वरी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसत होती. मी दारातून पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं हसू मला दोनदाच माहीत आहे: शिवतेज जन्मला तेव्हा आणि तो फौजेत भरती झाला तेव्हा.

आणखी एक नोंद. स्वतःचे डोळे करून झाले की ती रोज माझ्यापुढं येऊन उभी राहते आणि विचारते, "बघा बरं, दोन्ही सारखे झालेत का?" दीडदोन वर्षं हा प्रश्न नेमानं येतो. मी पेपरातून मान वर न काढता "झालेत" म्हणतो. कौतुकाची भूक सगळ्यांनाच असते. एका शब्दात भागत असेल तर का नाकारा?

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज माझ्या पापण्यांचा बळी गेला.

लीलाबाईंच्या पापण्या फार सुरकुतल्या, येणाऱ्या बायकांना सरावासाठी बसवता येत नाही, म्हणून घरचा पुरुष. मला खिडकीजवळ, उन्हाकडे तोंड करून बसवण्यात आलं.

"डोळं मिटा. चेहरा सैल सोडा. बातमी लिवताना करता तसा करू नगा."

"बातमी लिहिताना कसा करतो?"

"कुनीतरी पाय दिल्यागत."

लीलाबाई एवढ्या हसल्या की त्यांचा दोरा तुटला.

कृती लिहून ठेवतो, उद्या पेपर बंद पडला तर पोटाला लागेल. आधी पापणीवर कातडीच्याच रंगाचा पातळ हात. मग कातडीहून एकच पायरी गडद असा तपकिरी, तोही बिनचमकीचा, पापणी जिथं दुमडते त्या खाचेत. त्याच्या कडा बोटानं अशा विरघळवायच्या की रंग कुठं सुरू झाला ते सांगता येऊ नये. रेघ पापणीच्या वर ओढायची नाही. केसांच्या मुळांत ठिपके ठिपके दाबायचे, म्हणजे रेघ दिसत नाही आणि केस दाट वाटतात. शेवटी मस्काऱ्याचा एक हात, तोही टोकांना. आमच्या काव्यांत डोळ्यांना कमळं, मासे आणि हरिणी एवढी तीनच गिऱ्हाइकं. त्यातल्या कुणालाही सकाळी साडेनऊला कामावर जायचं नसतं.

राजेश्वरी ब्रश फारसा वापरत नाही, बोटानंच करते. बोट फार हलकं आहे, पाखरू चालून गेल्यासारखं. मधेच एक डबी माझ्यापुढं धरून म्हणाली, "ह्यो तांबूस हाय का राखी? सांगा बघू."

मी म्हणालो, "धूसर."

"मराठीत सांगा."

"तपकिरी... बहुतेक."

"बहुतेक न्हाई चालत." तिनं डबी लीलाबाईंना दाखवली. लीलाबाईंनी बघून मान हलवली आणि म्हणाल्या, "राखीच हाय."

माझी परीक्षा घेतली जात होती आणि मी नापास झालो, हे उघड आहे. तिचे वडील माधवनगरच्या गिरणीत रंगखात्यात होते. तांबड्याच्या नऊ जाती नावानं सांगायचे. असल्या घरात तपकिरीला बहुतेक म्हणणारा जावई गेला.

६ सप्टेंबर, शनिवार

आमच्या पट्ट्यातल्या साखर कारखान्याची वार्षिक सभा. सकाळी घाईत पुन्हा सराव झाला आणि पुसायचा राहून गेला. मंडपात बसल्यावर आठवलं. वर अध्यक्ष, खाली आठशे सभासद, आणि मधे पत्रकारांच्या खुर्च्यांत मी, सजवलेल्या नेत्रांनी.

एकाचंही लक्ष गेलं नाही. अध्यक्षांनी मात्र जाताना खांद्यावर हात ठेवला. "काय जोतीराम, झोपबिप बरी लागतीय वाटतं? तजेला हाय."

घरी येऊन सांगितलं. राजेश्वरीनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "कुनालाच कळलं न्हाई?"

"कुणालाच नाही."

"मग जमलं," ती म्हणाली. दिवसभर गुणगुणत होती. मी एवढी वर्षं तिच्यासाठी काय काय केलं, त्यात हे आठ तास सर्वांत उपयोगी ठरले असावेत.

११ सप्टेंबर, गुरुवार

महिन्याचा दुसरा गुरुवार. या दिवशी राजेश्वरी माधवनगरला धाकट्या बहिणीकडे जाते. गेल्या दोन वर्षांत हा नेम चुकलेला नाही. एकादशी चुकते, विजयमाला चुकत नाही. मी सोबत येतो म्हटलं की म्हणते, "दोघी भनी बोलत बसतो, तुमी काय खांबागत बसून ऱ्हानार?" यात तथ्य आहे.

स्टँडवर सोडून आलो. स्कूटर ती हल्ली चालवत नाही. हायवेचं काम चाललंय, धूळ फार, असं कारण आहे. स्कूटर माझ्यावर खूष नाही, पण इलाज नाही.

संध्याकाळी परत आली ती दमून. बहिणीकडून एरवी पेरू नाहीतर शेंगदाण्याची चटणी येते, हल्ली पिशवी रिकामी असते; बहिणींचं प्रेम आटत चाललं असावं. चेहरा उतरलेला, पण डोळे काय वर्णावे! बुबुळं काळी, मोठी, काठोकाठ भरलेली. काव्यात वाचली होती, घरात पहिल्यांदा पाहिली. तसं म्हणालो.

"ट्यूब मालवा आधी," ती म्हणाली. "उजेड खुपतोय."

अंधारात बसून दोघांनी चहा घेतला. रसिकता एकट्यानं करायची म्हणजे अवघड असतं.

१४ सप्टेंबर, रविवार

साडी दुकानाचे मालक व्हिडिओ बघतात म्हणे. म्हणून राजेश्वरीनं मोबाइलवर तीन व्हिडिओ केले: स्वतःच्याच डोळ्यांवर, कामावर जाण्याआधीच्या दहा मिनिटांत. मोबाइल मी धरला. पहिल्यात माझा अंगठा आहे, दुसऱ्यात बराचसा पंखा आहे, तिसरा चांगला आला.

खाली अभिप्राय येतात. मी ते मोठ्यानं वाचून दाखवतो. तिला अक्षरं बारीक वाटतात, चष्म्याचा नंबर वाढला असेल, चाळिशी कुणाला चुकली? बायका सगळ्या एकच विचारतात: "ताई, पापण्या किती लांब! मस्कारा कुठला?" एका बाईनं तर ठळक लिहिलंय, डाव्या डोळ्याच्या जास्त दाट आहेत, तेवढ्या उजव्याच्या कशा करायच्या?

खरंच आहेत. जवळून पाहिलं. वर्षापूर्वी अशा नव्हत्या. काळ्याभोर, वर वळलेल्या, डाव्या बाजूला जरा जास्तच.

"काय लिहू उत्तर?" मी विचारलं.

"कायबी लावत न्हाई म्हनून लिवा."

लीलाबाई कोपऱ्यात दोरा गुंडाळत होत्या. त्या एकदम उठून आत गेल्या.

रहस्य मला सापडलं. फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागं एक टीचभर बाटली आहे, आत थेंब थेंब औषध. विचारल्यावर राजेश्वरी म्हणाली, "पापन्यांचं हाय ते. हात लावू नगा." म्हणजे धंद्यातलं गुपित! लग्नाच्या सव्वीस वर्षांनी बायको माझ्यापासून फॉर्म्युला लपवते. मी बातमीदार आहे, गुपितं राखायची मला सवय नाही हे ती जाणते. बाटली होती तिथं ठेवली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

तिच्या कपाळाला डाव्या बाजूला टेंगूळ. दाराची चौकट लागली. चौकट एकोणीस वर्षं तिथंच आहे, तसं मी म्हटलं. दुपारी चहा कपाच्या बाहेर ओतला, बशीही भरली, टेबलही. मग माझ्यावरच डाफरली की स्टूल हलवलं कुणी. स्टूल मी हातभर सरकवलं होतं, पंख्याखाली बसायला.

बाहेर लीलाबाईंनी मला गाठलं. "भाऊ, ह्या घरात खुर्ची हलवू नगा, टेबल हलवू नगा. जिथलं तिथं ऱ्हाऊ द्या."

"का हो? वास्तुशास्त्र?"

"तसंच समजा," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं आमचे संस्कृतचे गुरुजी पाहायचे, माझी रूपं चुकल्यावर.

वीस तारखेचा ताण आलाय तिला. दुसरं काय असणार?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज एक चांगलं काम केलं. फार दिवसांनी असं लिहिता येतंय.

उद्या सांगली. राजेश्वरी आणि लीलाबाई दुपारी देवीला जाऊन येतो म्हणाल्या. मी घरात एकटा. तिची लाकडी पेटी टेबलावर होती, बारा खणांची, प्रत्येक खणात एकसारखी गोल डबी. उघडून पाहिली आणि संस्कृतचा विद्यार्थी व्यथित झाला. काही क्रमच नाही! राखीच्या शेजारी लालभडक, त्याच्याशेजारी कातडीचा. डब्यांवर कोथिंबिरीच्या जुड्यांची रबरं अडकवलेली: कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला तीन. ब्रशांच्या दांड्यांना लीलाबाईंचा दोरा गुंडाळून गाठी मारलेल्या. मोठ्या शहरातल्या दुकानात ही पेटी उघडली तर काय वाटेल लोकांना?

दोन तास बसलो. सगळी रबरं काढली. दोरे कापले. डब्या पुसून आरशागत केल्या. मग फिक्याकडून गडदाकडे, माझ्या समजुतीप्रमाणे, लावल्या आणि झाकणांवर सुबक अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या: वालुका, मृत्तिका, धूसर, ताम्र, मंजिष्ठा. अक्षर बारीक काढलं, बारीक अक्षरच शोभतं. पेटी बंद करून होती तिथंच ठेवली.

तिला सांगितलं नाही. उद्या सगळ्यांसमोर उघडेल तेव्हा कळेल, की नवरा फक्त बातम्यांच्या कामाचा नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

लिहवत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

लिहायला हवं. जसं झालं तसं.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर पांढऱ्या गाद्या, कडेला साड्यांचे गठ्ठे, गाद्यांवर मुली बसलेल्या. मालक खुर्चीत. माधवनगरहून विजयमालाही आली होती. माया नावाची एक विक्रेती मुलगी पुढं बसली. राजेश्वरीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला आणि बोलायला लागली. काय बोलली! असं नीट, मोकळं बोलणं मी कित्येक व्यासपीठांवर ऐकलेलं नाही. "बायांनो, गिऱ्हाईक साडी बघायला आलंय, तुमच्या पापन्या बघायला न्हाई. तुमचा डोळा त्याला फकस्त बरा वाटला पायजे. का बरा वाटला ते कळता कामा न्हाई." मुली हसल्या. मी मोबाइल धरून बसलो होतो, अंगठा बाजूला ठेवून.

तिनं पेटी उघडली. बोलता बोलताच बोटं डब्यांवरून फिरवली. एकदा फिरवली. परत फिरवली. बोटं थांबली. मला वाटलं, चकित झाली. मी खुर्चीत जरा पुढं सरकलो, ती माझ्याकडं बघेल म्हणून.

तिनं बघितलं नाही. तिनं उजवीकडून मोजून, नेहमीच्या जागेवरची तिसरी डबी काढली आणि कामाला लागली.

रंग मायाच्या पापणीवर आला तो गर्द तांबडा होता. नवरीचा. मला रंगातलं कळत नाही, पण एवढं कळलं. मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. राजेश्वरी मात्र शांतपणे कडा विरघळवत होती, बोलत होती, "हे बघा, कुठं सुरू झाला ते सांगता येतंय का?" मला वाटलं, आधी चुकीचं करून दाखवतेय. शिकवण्याची ती एक पद्धत असते. मी मोबाइल नीट धरून ठेवला. कुणीच काही बोललं नाही, म्हणून तिनं दुसरा डोळाही तसाच केला. दोन्ही अगदी सारखे.

मग मायानं आरसा घेतला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मला लग्नाला न्हाई जायाचं. कामाला यायचंय हितं."

सगळ्या हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते.

राजेश्वरीनं बोट वर धरलं, डोळ्याच्या अगदी जवळ आणलं, मग उजेडाकडं वळवून आणखी जवळ. मग ती माझ्या दिशेनं वळली. माझ्याकडं नव्हे, मी जिथं बसलोय असं तिला वाटलं, तिथं. मी दोन हात डावीकडं होतो.

"आवं," ती फार हळू म्हणाली, "पेटी कुनी लावली?"

आणि मी, देवा, मी अभिमानानं म्हणालो, "मी."

तिनं एकदाच मान हलवली. मग मुलींकडं वळून हसली. "हे करायचं न्हाई म्हनून दाखवलं. आता खरं बघा." ओला कापूस मागितला, मायाचे डोळे पुसले, विजयमालाला जवळ बोलावलं. "तू एकेक डबी दे मला. रंग सांगून दे." आणि मग केलं. जसं करते तसं. माया आरशात नुसती बघत राहिली. मालक म्हणाले, कळवतो.

जिन्यात विजयमालानं माझी बाही धरली.

"दाजी, रबरं कुठं टाकली?"

"केरात. का?"

"एक रबर म्हंजे कातडीचा रंग, दोन म्हंजे तपकिरी, तीन म्हंजे नवरीचा. बोटानं मोजायची ती." तिनं बाही सोडली. "काचबिंदू हाय अक्काला. दोन वर्सं झाली. दुसऱ्या गुरुवारी मी घिऊन जाते तिला सांगलीत डॉक्टरकडं. तुमाला खरंच कळलं न्हाई?"

मी म्हणालो, "नाही." तिनं माझ्याकडं पाहिलं, अगदी लीलाबाईंसारखं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. घरात नेहमीसारखं सगळं. ती रागावलेली नाही. रागावली असती तर मला काही करता आलं असतं.

सकाळी भाजीवाल्याकडून कोथिंबिरीच्या सहा जुड्या आणल्या, रबरांसाठी. एवढी कोथिंबीर बघून ती हसली. दोघांनी बसून डब्यांना रबरं लावली. ती सांगत होती, मी अडकवत होतो. चिठ्ठ्या मी नखानं खरडून काढल्या.

विचारलं, मला का सांगितलं नाही.

"तुमाला सांगायचं म्हंजे कराडला सांगायचं."

"खरं सांग."

तिनं एक रबर ताणून डबीवर चढवलं. "आमच्या कामात मानूस डोळा मिटून आपल्या हातात देतंय. जिला दिसत न्हाई तिच्यापुढं कोन पापनी मिटंल? पार्लर गेलं असतं. मग मी काय केलं असतं दिवसभर?"

"आणि मला कळलं असतं तर?"

"तुमी लय हळवं. पेपर वाचायचं सोडून माझ्याकडं बघत बसला असता."

शिवतेजला फोनवर काही सांगायचं नाही, असंही बजावलंय. सीमेवर पोरगं आहे, त्याला कशाला घोर.

९ ऑक्टोबर, गुरुवार. सांगली

दुसरा गुरुवार. या वेळी मी गेलो.

डॉक्टर तरुण आहेत, शांतपणे बोलतात. त्यांनी एक कागद दाखवला. तिला किती दिसतं त्याचं चित्र. डाव्या डोळ्याचा कागद जवळजवळ काळा. उजव्याचा कडांनी काळा, मधे थोडी जागा पांढरी. मला आमच्या पेपरचं पान आठवलं: सगळे कॉलम उडालेले आणि मधे एकच छोटी बातमी राहिलेली. तेवढ्या जागेतून ती मायाचे डोळे बघत होती. तेवढ्यातूनच मला.

"गेलेलं परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आहे ते थेंबांवर धरून ठेवायचं. रोज, ठरल्या वेळी. मधे मधे थेंब चुकलेत यांचे."

मी राजेश्वरीकडं पाहिलं. ती जमिनीकडं बघून म्हणाली, "निजायच्या वेळी असतंय ते. तुमी जागं असला की ऱ्हाऊन जायचं."

मी जागा असतो. निजताना मी वाचत पडतो.

"डाव्या डोळ्यात आधी सुरू केले होते," डॉक्टर सांगत होते, "म्हणून त्या पापण्या जास्त वाढल्यात. या थेंबांनी तसं होतं. काळजीचं नाही."

तीन व्हिडिओ अजून तसेच आहेत. काल एका बाईनं लिहिलंय, ताई, आम्हालाही सांगा ना काय लावता. मी व्हिडिओ काढून टाकू का विचारलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. काम चांगलं हाय ते."

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली. बाहेर काय दिसतंय हे मी सांगू लागलो. ऊस, ऊस, पेट्रोल पंप, ऊस. कराड येईपर्यंत तिनं एकदाही गप्प बसा म्हटलं नाही. सव्वीस वर्षांत हेही पहिल्यांदाच.

१२ ऑक्टोबर, रविवार. कराड

दुकानातून निरोप आला. मालकांना शंका होती, पण माया म्हणे रोज तसे डोळे करून येते, आणि बाकीच्या मुली तिच्यामागं लागल्यात. आधी सहा मुलींची एक तुकडी. परवा जायचं. राजेश्वरीनं सांगून टाकलं की मला कमी दिसतं, मालक बिचकतील म्हणून भिऊनच. मालक म्हणाले, सोबत कुणीतरी आणा.

सोबत मी आहे. रंग सांगायला. ज्याला तपकिरी बहुतेक तपकिरी वाटतो तो. लीलाबाई मला रोज अर्धा तास शिकवतात. "भाऊ, ह्यो कुठला?" मी सांगतो. "न्हाई." पुन्हा सांगतो. "न्हाई. भाऊ, तुमी शिकलेलं का विसरलेलं?" काल बारापैकी सात बरोबर आले.

रात्रीचे थेंब आता मी घालतो. पहिल्या दिवशी दोन गालावर पडले.

आज सकाळी ती डोळे करून पुढ्यात उभी राहिली. "दोन्ही सारखे झालेत का?"

पेपर घडी करून ठेवला. पाहिलं. डाव्याचा रंग भुवईकडं जरा वर चढला होता.

"डावा वर गेलाय."

"किती?"

"तांदळाएवढा."

तिनं बोटानं उतरवला. "आता?"

"आता सारखे."

ती जायला वळली, मग थांबली. "ह्याआदी कवा असा वर गेल्याला?"

मला माहीत नाही. दोन वर्षं रोज विचारत होती आणि मी एकदाही पाहिलेलं नाही. असे किती दिवस ती एक डोळा वर, एक खाली अशी बाजारात, लग्नात, बँकेत फिरली असेल, आणि मी "झालेत" म्हणालो असेन. तिला म्हणालो, नाही, कधीच नाही. ती हसली. तिनं विश्वास ठेवला की नाही ते तिच्या डोळ्यांवरून मला कळलं नाही.

आता थट्टा सुचत नाही, तर सरळ लिहितो. डॉक्टरांनी काही वचन दिलेलं नाही. उजव्या डोळ्यातली ती पांढरी जागा टिकेल किंवा नाही टिकणार, माझ्या हातात एक थेंब सोडला तर काही नाही. त्याची भीती वाटतेच. पण खरी काळजी दुसरीच आहे, आणि ती मी कुणाला सांगू शकत नाही. तिला लपवता फार छान येतं. एक दिवस उरलेलंही जाईल, आणि ती नेहमीसारखी डबीवरची रबरं मोजून डोळे करील, चहा टाकील, माझ्यापुढं येऊन उभी राहील. मी नीट बघून सांगेन की दोन्ही सारखे आहेत. आणि मला काही कळणार नाही.